हार्ड डिस्क : एक मोठी की दोन लहान?

लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात रोज कुणीतरी धावतपळत येते. कुणाच्या लॅपटॉपवर चहा सांडलेला असतो, कुणाचा हातातून पडलेला असतो, तर कुणाचा काल रात्रीपर्यंत नीट चालणारा लॅपटॉप आज सकाळी सुरूच होत नसतो. दुकानदार तो उलटसुलट करून पाहतो आणि ठरलेला प्रश्न विचारतो, ‘‘बॅकअप आहे का?’’ बरेचदा समोरून काहीच उत्तर येत नाही. तोवर लॅपटॉपची किंमत मनात मागे पडलेली असते. लॅपटॉप हप्त्यांवर नवा घेता येतो. मुलीच्या प्रबंधासाठी तीन वर्षे जमवलेली निरीक्षणे, दुकानाचे हिशेब, आता हयात नसलेल्या आजीचा रेकॉर्ड केलेला आवाज मात्र कुठेच विकत मिळत नाही.

यावरचा उपाय सगळ्यांना ठाऊक असतो. बाहेरून जोडायची, खिशात मावेल अशी हार्ड डिस्क घ्यायची आणि सगळे तिच्यात उतरवून ठेवायचे. पण खरेदीला गेले की प्रश्नांची रांग लागते. १ टेराबाइट पुरेल की ५ घ्यावी? हार्ड डिस्क घ्यावी की एसएसडी? कोणती कंपनी चांगली? या प्रश्नांची उत्तरे जाहिरातीत शोधण्यापेक्षा त्या छोट्या डबीच्या आत काय घडते हे समजून घेतले, तर निवड बरीच सोपी होते.

गरज वाढली ती का?

दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या लॅपटॉपमध्ये फिरती हार्ड डिस्क असे. चुकून फाइल पुसली गेली तरी प्रत्यक्ष मजकूर डिस्कवर तसाच राही, फक्त अनुक्रमणिकेतली नोंद जाई. त्यामुळे एखादा जाणकार तो परत काढून देऊ शकत असे. आजच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये एसएसडी असते. फाइल पुसली की संगणकप्रणाली एसएसडीला कळवते, ‘ही जागा आता रिकामी.’ या आज्ञेला ‘ट्रिम’ म्हणतात. त्यानंतर एसएसडी फावल्या वेळात ती जागा खरोखरच पुसून टाकते. काही सडपातळ लॅपटॉपमध्ये तर साठवणुकीच्या चिपा मुख्य बोर्डावरच डाग देऊन पक्क्या केलेल्या असतात. बोर्ड गेला की चिपा काढून दुसऱ्या यंत्रात लावायची सोय उरत नाही. लॅपटॉप वेगवान झाला, हलका झाला, पण चुकीला माफी कमी झाली. म्हणून बाहेरची प्रत आज पूर्वीपेक्षा जास्त गरजेची आहे.

फिरती तबकडी

पहिली हार्ड डिस्क आयबीएम कंपनीने १९५६ मध्ये आणली. ‘रॅमॅक’ संगणकाच्या या साठवणयंत्रात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या, वजन सुमारे टनभर होते, आणि त्यात मावत होती फक्त ५० लाख अक्षरे. आजच्या मोबाइलमधला एखादा मोठा फोटोही त्यात बसला नसता. पुढे तबकड्या लहान होत गेल्या आणि त्यांवरची लिखाई दाट. या प्रवासात एक मोठी उडी मूलभूत भौतिकशास्त्रामुळे मिळाली. १९८८ मध्ये फ्रान्सचे आल्बेर फेर आणि जर्मनीचे पीटर ग्रुनबर्ग यांनी स्वतंत्रपणे एक परिणाम शोधला. अतिशय पातळ चुंबकी थरांतून वाहणाऱ्या विजेचा रोध लहानशा चुंबकी बदलानेही खूप बदलतो, असा तो परिणाम. त्यामुळे अतिसूक्ष्म चुंबकी खुणा वाचणे शक्य झाले. १९९७ पासून हार्ड डिस्कमध्ये हे तंत्र आले आणि २००७ मध्ये दोघांना भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

खिशात मावणाऱ्या हार्ड डिस्कमध्ये आजही तबकडीच फिरते. तिचा व्यास साधारण अडीच इंच आणि वेग बहुधा मिनिटाला ५,४०० फेरे, म्हणजे सेकंदाला ९०. या वेगाने तबकडीची कड ताशी ६५ किलोमीटरच्या आसपास धावत असते. तिच्यावर तरंगणारे वाचन-लेखनाचे टोक अवघ्या काही नॅनोमीटर अंतरावर असते. माणसाच्या केसाची जाडी साधारण ८० हजार नॅनोमीटर धरली, तर हे अंतर किती नाजूक आहे याचा अंदाज येतो. डिस्क बंद असताना टोक बाजूला सुरक्षित जागी जाऊन बसते, म्हणून बंद डिस्क बऱ्यापैकी धक्के सोसते. चालू डिस्क टेबलावरून खाली पडली तर टोक तबकडीवर आपटू शकते, आणि तिथला मजकूर खरवडला जातो. केबल ओढली गेली आणि डिस्क खाली पडली, हा प्रसंग म्हणूनच सर्वांत धोक्याचा.

न फिरणारी साठवण

एसएसडीमध्ये फिरणारे काहीच नसते. जपानी अभियंता फुजिओ मासुओका यांनी तोशिबा कंपनीत असताना १९८० च्या दशकात जी फ्लॅश स्मृती शोधली, तिच्यावर ती चालते. त्यात माहिती म्हणजे अतिसूक्ष्म कप्प्यांत कोंडून ठेवलेले इलेक्ट्रॉन. धक्का बसला तरी तुटायला टोक नाही, खरचटायला तबकडी नाही. वजन कमी, आवाज नाही, वेग कितीतरी जास्त. रोज बॅगेत घालून नेण्यासाठी एसएसडीच सरस, यात शंका नाही.

पण कोंडलेले इलेक्ट्रॉन हळूहळू झिरपतात. एसएसडी अधूनमधून विजेला जोडली गेली की तिचे नियंत्रक त्यावर लक्ष ठेवू शकते. वर्षानुवर्षे कपाटात पडून राहिली तर तेही होत नाही. इलेक्ट्रॉनिक उद्योगाची मानके ठरवणारी ‘जेडेक’ ही संस्था घरगुती एसएसडीसाठी एक किमान अट घालते. ठरलेली लिखाण-क्षमता वापरून संपली तरी, वीज नसताना ३० अंश सेल्सियस तापमानात माहिती १ वर्ष टिकली पाहिजे. नवी, कमी वापरलेली एसएसडी याहून बराच जास्त काळ माहिती धरते. तापमान वाढले की मात्र मुदत घटते. एप्रिल-मे महिन्यांत विदर्भ-मराठवाड्यातल्या पत्र्याच्या छपराखालचे कपाट ३० अंशांवर थांबत नाही, हे लक्षात घ्यायला हवे. शिवाय फिरती डिस्क बिघडण्याआधी कधी कधी टकटक आवाज करते, फाइल उघडायला वेळ लावते. एसएसडी पूर्वसूचना न देता एका क्षणी गप्प होऊ शकते.

यातून एक साधा हिशेब निघतो. जी डिस्क रोज फिरणार, जिच्यावरून चित्रफितींचे संपादन होणार किंवा जी महाविद्यालयात आणि कार्यालयात जाणार, ती एसएसडी असावी. जी घरात एका जागी राहणार आणि महिन्यातून एकदा बाहेर निघणार, तिच्यासाठी फिरती हार्ड डिस्क आजही स्वस्त आणि पुरेशी आहे. तेवढ्याच क्षमतेची एसएसडी तिच्यापेक्षा बरीच महाग पडते.

किती मोठी?

समजा, एका घरातल्या लॅपटॉपमध्ये आणि दोन मोबाइलमध्ये मिळून ४०० गिगाबाइट मजकूर आहे. त्यात फोटो, लग्नाची चित्रफीत, मुलीचा अभ्यास आणि घरातले कागदपत्र आले. दरवर्षी त्यात १०० गिगाबाइटची भर पडते. या घराला १ टेराबाइट पाच-सहा वर्षे पुरते, २ टेराबाइट घेतली तर जुन्या आवृत्त्याही ठेवता येतात. आजच्या साठ्याच्या दुप्पट ते तिप्पट जागा हा ठोकताळा बहुतेक घरांना लागू पडतो.

डिस्क जोडल्यावर १ टेराबाइटऐवजी ९३१ गिगाबाइट दिसले की अनेकांना फसवणूक झाल्यासारखे वाटते. तशी ती नसते. कंपनी १ टेराबाइट म्हणजे १ लाख कोटी बाइट असे दशमान पद्धतीने मोजते, तर विंडोज १,०२४ च्या पटीत मोजते. बाइट तेवढेच, माप वेगळे.

मोठ्या क्षमतेच्या मोहाला आणखी एक बाजू आहे. कमी जागेत जास्त मजकूर बसवण्यासाठी अनेक पोर्टेबल हार्ड डिस्कमध्ये चुंबकी पट्टे एकमेकांवर थोडे चढवून लिहिलेले असतात, छपरावरची कौले रचावीत तसे. नवीन मजकूर ओळीने लिहिताना अडचण येत नाही. मधलेच कौल बदलायचे असेल तर मात्र शेजारची कौलेही उचलून पुन्हा बसवावी लागतात. अशी डिस्क भरत आली आणि तिच्यावर सतत पुसणे-लिहिणे चालू राहिले की ती रेंगाळते. बॅकअपसाठी ती चालते. रोजचे काम थेट तिच्यावरून करण्यासाठी ती योग्य नाही.

वेग केबलच्या टोकालाही असतो

खोक्यावर लिहिलेला वेग मिळेलच असे नाही. डिस्क, केबल आणि लॅपटॉपचे छिद्र यांत जे सर्वांत हळू, त्याचाच वेग मिळतो. ५०० गिगाबाइट मजकूर उतरवायचा असेल तर जुन्या यूएसबी २ छिद्रातून चारेक तास लागू शकतात. तीच फिरती डिस्क यूएसबी ३ ला जोडली तर काम सव्वा तासाच्या आसपास होते. १० गिगाबिटची एसएसडी तशाच छिद्राला जोडली तर मोठ्या फाइली दहा-पंधरा मिनिटांत उतरू शकतात. हजारो बारीक फाइली असतील तर सगळ्यांनाच जास्त वेळ लागतो.

इथे नावांचा गोंधळ आहे. ‘टाइप-सी’ हे फक्त छिद्राच्या आकाराचे नाव आहे, वेगाचे नाही. ‘यूएसबी ३.०’, ‘३.१ जेन १’ आणि ‘३.२ जेन १’ ही तिन्ही नावे ५ गिगाबिट या एकाच वेगाची आहेत. त्यामुळे नाव पाहण्यापेक्षा खोक्यावर ५, १० की २० गिगाबिट लिहिले आहे ते पाहावे आणि आपल्या लॅपटॉपचे छिद्र तेवढे देते का ते तपासावे. फिरत्या डिस्कला २० गिगाबिटचा उपयोग नसतो, कारण तबकडीच त्या वेगाने मजकूर देऊ शकत नाही. मोबाइल चार्जिंगची केबलही डिस्कला लावू नये. त्यातल्या अनेक केबल यूएसबी २ च्या वेगाच्याच असतात.

कंपनी कोणती?

दुकानात नावे कितीही दिसली, तरी आज जगात हार्ड डिस्क बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या तीनच आहेत : सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा. बाकीच्या डब्यांत यांच्याच डिस्क असतात. अमेरिकेतली बॅकब्लेझ ही साठवण कंपनी आपल्याकडच्या लाखो डिस्कपैकी किती बिघडल्या याचे आकडे नियमित जाहीर करते. २०२३ मध्ये तिच्या डिस्क बिघडण्याचे वार्षिक प्रमाण १.४ टक्के होते. त्या डिस्क वातानुकूलित केंद्रात स्थिर बसवलेल्या असतात. बॅगेत फिरणाऱ्या, धक्के खाणाऱ्या डिस्कला इतकी चांगली वागणूक मिळत नाही. या आकड्यांतून दिसते ते एवढेच, की प्रत्येक कंपनीच्या काही डिस्क बिघडतातच. हमीपत्र तीन वर्षांचे असले तरी हमी डबीची असते. बिघडली तर नवी डबी मिळते, आतला मजकूर नव्हे.

म्हणून ‘कधीच न बिघडणारी डिस्क कोणती’ हा प्रश्नच सोडून द्यावा लागतो. समजा, एका डिस्कची वर्षभरात बिघडण्याची शक्यता १०० मध्ये २ आहे. एकाच मजकुराच्या दोन डिस्क असतील आणि त्यांचे बिघडणे एकमेकांवर अवलंबून नसेल, तर त्याच वर्षात दोन्ही जाण्याची शक्यता २,५०० मध्ये १ इतकी खाली येते. पहिली गेल्याबरोबर नवी आणली तर ती आणखी कमी होते. ४ टेराबाइटच्या एका महागड्या डिस्कपेक्षा २ टेराबाइटच्या दोन साध्या डिस्क शहाणपणाच्या ठरतात, त्या याच हिशेबाने.

या हिशेबातली अट मात्र महत्त्वाची आहे. दोन्ही डिस्क एकाच कपाटात असतील, तर चोरी, आग आणि पाणी दोघींना एकदमच गाठते. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीत घरे कित्येक दिवस पाण्यात होती. अशा वेळी कपाटात किती डिस्क होत्या याला अर्थ उरत नाही. त्यांतली एक दुसऱ्या घरी होती का, एवढेच महत्त्वाचे ठरते.

घरी असलेली प्रत

याचे एक प्रसिद्ध उदाहरण चित्रपटसृष्टीतले आहे. १९९८ मध्ये पिक्सार स्टुडिओत ‘टॉय स्टोरी २’ चे काम चालू असताना एका चुकीच्या आज्ञेने चित्रपटाच्या फाइली धडाधड पुसल्या जाऊ लागल्या. बॅकअप घेतला जात होता, पण तो नीट काम करत नव्हता आणि ते कुणाच्या लक्षात आले नव्हते. चित्रपट वाचला तो गॅलिन सुसमन या तंत्रप्रमुखामुळे. बाळंतपणानंतर त्या घरून काम करत असल्याने त्यांच्या घरच्या संगणकावर चित्रपटाची एक प्रत होती. तो संगणक गाडीतून अगदी जपून स्टुडिओत आणण्यात आला.

या प्रसंगात दोन धडे आहेत. एक प्रत दुसऱ्या जागी असावी, आणि बॅकअप घेतला म्हणजे तो परत मिळतोच असे गृहीत धरू नये. अमेरिकी छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी लोकप्रिय केलेला ‘३-२-१’ नियम हेच सांगतो. मजकुराच्या ३ प्रती असाव्यात, त्या २ वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतली १ घराबाहेर असावी. लॅपटॉपमधली मूळ प्रत धरली तर घरासाठी एक एसएसडी किंवा हार्ड डिस्क आणि बाहेर दुसरी, एवढ्यात हा नियम पूर्ण होतो. बाहेरची प्रत क्लाउडवरही चालते. मात्र लॅपटॉपशी आपोआप जुळत राहणारा क्लाउडचा फोल्डर म्हणजे बॅकअप नव्हे. लॅपटॉपवर फाइल पुसली की तिथलीही पुसली जाते, आणि परत मिळण्याची मुदत मर्यादित असते.

घेताना आणि घेतल्यावर

ऑनलाइन बाजारात १६ किंवा ३० टेराबाइटची पोर्टेबल एसएसडी दीड-दोन हजार रुपयांत दिसली तर ती बनावट समजावी. तिच्या आत लहानशी मेमरी असते आणि संगणकाला खोटा आकडा सांगण्याची युक्ती केलेली असते. खरी जागा संपली की नव्या फाइली जुन्यांवर लिहिल्या जातात. नावे दिसत राहतात, उघडत काहीच नाही. म्हणून नवी डिस्क आणल्यावर परत करण्याची मुदत संपण्याआधी ती एकदा पूर्ण भरून, वाचून पाहावी. ‘एचटूटेस्टडब्ल्यू’ किंवा ‘एफथ्री’ ही मोफत साधने हे काम करतात. बिल जपून ठेवावे.

फक्त विंडोजवर वापरायची असेल तर डिस्क ‘एनटीएफएस’ पद्धतीने तयार करावी. मॅक तिच्यावरचे वाचतो, पण त्याला आपणहून तिच्यावर लिहिता येत नाही. दोन्हींवर चालवायची असेल तर ‘एक्सफॅट’ सोयीची. मात्र तिच्यात केबल अचानक निघाली तर बिघाडाचा धोका जास्त. कोणत्याही पद्धतीत ‘इजेक्ट’ केल्याशिवाय केबल काढू नये.

डिस्क हरवली तर बँकेचे कागद आणि आधारची प्रत परक्याच्या हाती जाते. त्यासाठी कुलूप हवे. विंडोजच्या प्रो आवृत्तीत ‘बिटलॉकर’ची आणि मॅकमध्ये डिस्क सांकेतिक करण्याची सोय असते. परवलीचा शब्द विसरला तर मालकालाही आत जाता येत नाही. तो आणि त्याबरोबर मिळणारा ४८ अंकी परतफेडीचा क्रमांक कागदावर लिहून घरच्या दस्तऐवजांत ठेवावा, आणि घरातल्या आणखी एकाला तरी तो कुठे आहे हे माहीत असावे.

बॅकअप झाला की डिस्क लॅपटॉपपासून वेगळी करावी. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ने जगभर धुमाकूळ घातला. तसे खंडणीखोर विषाणू लॅपटॉपबरोबर जोडलेल्या डिस्कही कुलूपबंद करतात. कपाटातल्या डिस्कपर्यंत त्यांचा हात पोचत नाही. कोकणातल्या दमट हवेत डिस्क घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुडीसह ठेवावी.

डिस्कची तब्येतही मधूनमधून पाहावी. तिच्या आत ‘स्मार्ट’ नावाची नोंदवही असते आणि ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’सारखे मोफत साधन ती वाचून दाखवते. गुगलने २००७ मध्ये एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. पहिली तपासणी-चूक नोंदवल्यावर ती डिस्क पुढच्या ६० दिवसांत बिघडण्याची शक्यता निर्दोष डिस्कच्या ३९ पट असल्याचे त्यात आढळले. याच अभ्यासात, बिघडलेल्या डिस्कपैकी अनेकांनी अशी कोणतीच खूण आधी दाखवली नव्हती. म्हणजे इशारा दिसला तर मजकूर त्याच दिवशी हलवावा, आणि न दिसला तरी निर्धास्त राहू नये. चार-पाच वर्षे वापरलेली डिस्क चालू असली तरी तिला एकुलती एक प्रत सांभाळायला देऊ नये.

मघाच्या ४०० गिगाबाइटच्या घराने काय करावे? २ टेराबाइटच्या दोन साध्या हार्ड डिस्क घ्याव्यात, शक्यतो वेगवेगळ्या कंपन्यांच्या. महिन्याचा पहिला रविवार ठरवून घरातल्या डिस्कवर बॅकअप घ्यावा आणि त्यातल्या दोन-चार फाइली उघडून पाहाव्यात. दुसरी डिस्क गावाकडे भावाकडे किंवा बहिणीकडे ठेवावी. गणपतीत आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत जाणे होतेच. तेव्हा घरची ताजी डिस्क तिथे ठेवायची आणि तिथली घेऊन यायची. फराळाच्या डब्यांची जशी अदलाबदल होते, तशीच ही. बहिणीच्या घरची डिस्कही आपल्या कपाटात ठेवून घ्यायला हरकत नाही, म्हणजे तिचे फोटोही सुरक्षित राहतील.